शिकणारा मेंदू आणि हाताची स्मृती



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून ही प्रथा गावोगाव गेली. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही, अशा माझ्यासारख्या कित्येकांचे विद्यापीठ म्हणजे ही सायंकाळची सतरंजी. त्या सतरंजीवरून उठवून आज आपण मला व्यासपीठावर आणले, तेव्हा कामगार चळवळीवर चार शब्द बोलावेत अशी आपली अपेक्षा असणार. मी बोलणार आहे तेही कामगाराविषयीच. परंतु जरा दूरच्या वाटेने. माणूस शिकतो म्हणजे त्याच्या ठायी नेमके काय घडते? काल जे हाताला येत नव्हते ते आज येते. मधल्या काळात शरीरात कोणती गोष्ट बदलली? या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत शास्त्राने जे उत्तर दिले, त्याचा इतिहास मला सांगावयाचा आहे.

हा प्रश्न पंडितांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. पण 1948 च्या किमान वेतन कायद्यानंतर निघालेल्या अधिसूचनांमधून कामगाराची ‘अकुशल’, ‘अर्धकुशल’ आणि ‘कुशल’ अशी जी प्रतवारी रूढ झाली, तिच्यावर लाखो घरांच्या चुली अवलंबून आहेत. कौशल्य म्हणजे काय, ते कुठे राहते आणि ते कोणाच्या मालकीचे, हे ज्याला ठाऊक नाही त्याने वेतनाच्या वाटाघाटीला बसू नये, असे माझे मत आहे.

आरंभ आपल्या मिरजेपासूनच करू. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. ती त्यांनी ट्रंकेत भरून आणली नाही, पोथीत बांधूनही आणली नाही. गुरूसमोर बसून, तीच चीज शेकडो वेळा घोटून, ती त्यांनी आपल्या अंगात भरून आणली. त्यांच्यापाशी मिरजेत शिकले ते विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म कुरुंदवाडचा, 1872 सालचा. लहानपणी शोभेच्या दारूने डोळ्यांना इजा झाली आणि वाचन-लेखनाची वाट जवळजवळ बंद झाली. राहिला तो कान आणि राहिली ती स्मरणशक्ती. 1896 मध्ये हा तरुण मिरज सोडून बाहेर पडला आणि 1901 साली त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभे केले. डोळ्यांनी जे साठवता आले नाही ते त्याने रियाजाने साठविले. पुढे त्याच पलुस्करांनी स्वरलेखनाची पद्धत बसविली हे खरे. परंतु कागदावरचे स्वर वाचून कोणी गवई झाल्याचे ऐकिवात नाही. तालीम लागतेच.

याच गावात फरीदसाहेब शिकलगार होऊन गेले. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारींचे दिवस सरले, आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने या हातांनी सतार आणि तंबोरा घडविण्यास प्रारंभ केला. पोलादावर फिरणारी कानस जवारीवर फिरू लागली. ज्यांना जवारीचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा अगदी किंचित उतरता घासावा लागतो. तो बरोबर साधला तर तार बोलते, सूर खुलतो. केसभर चुकला तर वाद्य मुके होते. किती घासावे हे मोजपट्टी सांगत नाही; हात सांगतो आणि कान सांगतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले आणि 1937 साली मृत्यूनंतर येथील मिरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांची कबर झाली. एवढे थोर गवई, पण वाद्यदुरुस्तीचे कामही ते स्वतःच्या हातांनी करीत. गाणारा गळा आणि कानस धरणारा हात यांत भेद आहे, असे त्यांनी मानले नाही. शास्त्रही हा भेद मानीत नाही, हे पुढे दिसेल.

आपल्या पूर्वजांनी स्मृतीचा विचार केला नव्हता असे नाही. न्यायशास्त्राने सांगितले की, अनुभव येऊन जातो, पण मागे एक ‘संस्कार’ ठेवतो. आणि तो संस्कार जागा झाला की स्मृती उत्पन्न होते. ग्रीसमध्ये प्लेटोने मनाला मेणाच्या पाटीची उपमा दिली. वेदपाठकांनी तर स्मरणाचे एक यंत्रच बनविले. नुसती संहिता पाठ करून ते थांबले नाहीत. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ असे प्रकार त्यांनी योजले. दोन शब्द सरळ म्हणावयाचे, मग उलट, मग पुन्हा सरळ. घनपाठात तिसरा शब्द जोडून तीच ये-जा. प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाशी इतक्या गाठींनी बांधला जाई की, एक निसटला तरी बाकीचे त्याला ओढून आणीत. अर्थात् हे यंत्र काही थोड्यांच्याच हाती राहिले, बाकीच्यांच्या कानांवर ते पडू दिले नाही, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. पण संस्कार म्हणजे शरीरातली कोणती वस्तू? तो कुठे उमटतो? त्याचे उत्तर मिळण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची वाट पाहावी लागली.

इटलीत कामिल्लो गॉल्जी या डॉक्टराने एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटली होती. 1873 मध्ये त्याने चांदीच्या क्षाराने मेंदूचा काप रंगविण्याची रीत काढली. या रीतीचा गुण असा की, हजारो पेशींतल्या मोजक्याच पेशी काळ्या होत, पण त्या मुळापासून शेंड्यापर्यंत. दाट रानात एखादेच झाड पानाफांद्यांसह स्वच्छ दिसावे, तसे हे होते. या रीतीचा खरा उपयोग केला तो स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने. हा मुलगा एवढा द्वाड की, बापाने त्याला शिक्षा म्हणून कधी न्हाव्याकडे तर कधी चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. वस्तरा आणि आरी हाती धरलेला हा हात पुढे चित्रकलेत तयार झाला आणि मग सूक्ष्मदर्शकाला लागला. 1888 पासून त्याने दाखवून दिले की, मेंदू म्हणजे एकसंध जाळे नव्हे. त्यातील प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे, आणि दोन पेशी परस्परांना चिकटत नाहीत, फक्त अगदी जवळ येतात. 1894 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देताना त्याने एक धाडसी कल्पना मांडली. प्रौढपणी नव्या पेशी तयार होत नसतील, तर अभ्यासाने वाढते ते काय? त्याचे उत्तर असे की, वाढतात ते पेशींमधील संबंध. 1906 साली गॉल्जी आणि काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गंमत अशी की, पारितोषिकाच्या भाषणातही गॉल्जी काहालचा सिद्धांत नाकारीत होता! पण निकाल काहालच्या बाजूने लागला. पेशी-पेशींमधील या सांध्याला इंग्लंडच्या शेरिंग्टनने 1897 मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. मी आज त्याला आपल्या भाषेत ‘सांधा’च म्हणणार आहे, फिटर आणि सुतार यांना तो शब्द परका नाही.

याच सुमारास जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस स्वतःवरच प्रयोग करीत होता. अर्थ नसलेली हजारो अक्षरे त्याने पाठ केली, आणि किती वेळाने किती विसरतो याची नोंद ठेवली. 1885 मध्ये त्याने ती प्रसिद्ध केली. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. विसरणे हे प्रथम झपाट्याने होते आणि मग मंदावते, ही एक. दुसरी आमच्या दृष्टीने अधिक मोलाची: तेवढ्याच आवृत्त्या एका बैठकीत कोंबण्यापेक्षा काही दिवसांत विभागून केल्या, तर त्या अधिक टिकतात. म्हणजे मधला अवकाश हा वाया गेलेला वेळ नव्हे.

श्रोतेहो, ही साले ध्यानात घ्या. 1884 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्याच्या सुट्टीची मागणी करीत होते, आणि 1890 साली ती रविवारची सुट्टी गिरणीमालकांना द्यावी लागली. लोखंड्यांना एबिंगहाउस ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांची मागणी माणुसकीची होती. पण विश्रांतीशिवाय माणसाचा मेंदू काम पक्के करू शकत नाही, हे शास्त्र त्याच दशकात दुसऱ्या टोकाने सिद्ध करीत होते. सत्य हे असे दोन बाजूंनी चालत येते.

तिसरीकडे अमेरिकेत फ्रेडरिक टेलर हातात घड्याळ घेऊन कामगारामागे उभा होता. 1911 मध्ये त्याने आपल्या ‘शास्त्रीय व्यवस्थापना’चे पुस्तक लिहिले. त्याचा एक मुख्य मुद्दा असा होता की, पिढ्यान्‌पिढ्या कामगारांपाशी जमलेले परंपरागत ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे, त्याचे नियम बनवावेत आणि ते नियम कामगाराला परत हुकूम म्हणून द्यावेत. टेलरने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली होती, ती त्याचे अनुयायी विसरले: ज्ञान मुळात कामगारापाशी होते! परंतु ते सगळे कागदावर उतरविता येते हा त्याचा समज मात्र टिकला नाही. तो का टिकला नाही, याचे उत्तर एका मोटार वायंडरने दिले.

त्याचे नाव हेन्री मोलेसन. अमेरिकेतला हा तरुण मोटारीची कॉइल भरण्याचे काम करी. त्याला फेफऱ्याचे तीव्र झटके येत. 1953 साली डॉ. स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचा ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाचा बराचसा अंश काढून टाकला. आकाराने हा भाग समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव. झटके कमी झाले, पण त्याचबरोबर नवी आठवण साठविण्याची शक्ती गेली. भेटायला आलेला माणूस खोलीबाहेर गेला की, तो आला होता हेच हेन्री विसरे. ब्रेंडा मिल्नर या बाईंनी त्याची वर्षानुवर्षे तपासणी केली. 1957 मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नर यांनी हे प्रकरण प्रसिद्ध केले. पुढे मिल्नरबाईंनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या कडांमधून पेन्सिल फिरविण्याचे काम दिले. आपण घरी करून पाहा, प्रथम हात भलतीकडेच जातो. हेन्रीचा हात मात्र तीन दिवसांत सुधारत गेला. चुका कमी कमी होत गेल्या. आणि दर दिवशी तो म्हणे की, हे काम मी पूर्वी कधी केलेलेच नाही!

या एका गोष्टीने स्मृतीची कल्पना पालटली. स्मृती एक नाही. घडलेली हकीकत सांगण्याची स्मृती वेगळी, आणि हाताने काम करण्याची स्मृती वेगळी. मेंदूत त्यांच्या जागाही वेगळ्या. माणसाला जे सांगता येत नाही ते त्याला माहीत नाही, असे मुळीच नव्हे. सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या वृद्ध कारागिराला विचारा, जवारी किती घासलीत? तो म्हणेल, ‘बरोबर होईपर्यंत.’ हे अडाण्याचे उत्तर नाही. ज्ञान त्याच्या हाताच्या स्मृतीत आहे, आणि त्या स्मृतीला जीभ नसते. सांगलीच्या हळद बाजारात पोत्यांची थप्पी लावणाऱ्या हमालाला सरकारी भाषेत कोणी अकुशल म्हणो. पाठीवरचे पोते अचूक जागी, कण्याला धक्का न लावता, दिवसभर टाकणे हे ज्याला अकुशल वाटते त्याने एक तासभर ते करून पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सांध्यांमध्ये काय घडते? 1949 मध्ये डोनाल्ड हेब या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने त्याचे सूत्र मांडले. एक पेशी दुसरीला वारंवार चेतविण्यात भाग घेत राहिली, तर त्या दोघींत असा काही बदल होतो की, पुढच्या खेपेस पहिलीच्या हाकेला दुसरी अधिक सहज ओ देते. शेतातून रोज एकाच वाटेने माणसे गेली की पायवाट पडते. वाट पडली की माणसे तिनेच जातात. हेबचे हे अनुमान होते. पुरावा आला तो 1973 मध्ये, नॉर्वेतून. टिमथी ब्लिस आणि तेरिये लोमो यांनी ऑस्लो येथे गुंगीत ठेवलेल्या सशांच्या हिप्पोकॅम्पसकडे जाणाऱ्या तंतूंना काही सेकंद विजेची जलद स्पंदने दिली. त्यानंतर तोच पूर्वीचा साधा इशारा दिला, तरी पलीकडच्या पेशींचा प्रतिसाद वाढलेला आढळला. 18 सशांपैकी 15 सशांत हे दिसले, आणि हा जोर अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकला. काही सेकंदांच्या घटनेने सांधा तासन्‌तास बळकट राहिला. आठवणीला जी वस्तू लागते ती हीच नसेल काय, असा विचार तेव्हापासून बळावला.

हे घडते कसे, तेही पुढे उलगडले. एक पेशी ‘ग्लुटामेट’ नावाचे द्रव्य सांध्यात सोडते. पलीकडच्या पेशीवर ते द्रव्य झेलणारे दरवाजे असतात. त्यांतील एक विशेष दरवाजा मॅग्नेशियमच्या कणाने बूच मारल्यासारखा बंद असतो. नुसते ग्लुटामेट आले तरी तो उघडत नाही. पलीकडची पेशीही त्याच क्षणी पुरेशी चेतलेली असावी लागते, तेव्हाच ते बूच उडते. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक आपली आणि एक बँकेची, तसा हा प्रकार आहे. दोन्ही किल्ल्या एकदम फिरल्या की कॅल्शियम आत शिरते, आणि पेशी सांध्यावर झेलणारे आणखी दरवाजे आणून बसविते. सांधा बळकट होतो. हेबने जी अट तर्काने सांगितली होती तीच निसर्गाने या दोन किल्ल्यांत घालून ठेवली होती. 1986 मध्ये रिचर्ड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दरवाजा औषधाने बंद केला, तेव्हा पाण्यातील लपलेला पाट कोठे आहे हे शिकणे उंदरांना जड जाऊ लागले. 2014 मध्ये अमेरिकेत रॉबर्टो मालिनोव यांच्या प्रयोगशाळेने तर उंदरातील भीतीची एक आठवण सांधे दुबळे करून मिटविली, आणि तेच सांधे पुन्हा बळकट करून परत आणली. दुबळे होणे हाही शिकण्याचाच भाग आहे, हे यावरून दिसते. सगळेच सांधे बळकट झाले तर रानभर पायवाटाच होतील. वाट म्हणून काही राहणार नाही.

तासांची आठवण वर्षांची कशी होते? हे दाखविले एरिक कॅंडेल यांनी. हे व्हिएन्नाचे, नाझींच्या छळामुळे 1939 मध्ये, बालपणीच, देश सोडून अमेरिकेस आलेले. त्यांनी निवडला एक समुद्रातला गोगलगायीसारखा प्राणी, अ‍ॅप्लिशिया. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी मज्जापेशी. या प्राण्यात सुमारे 20,000, आणि त्याही ठळक. त्याला शेपटीवर एक धक्का दिला तर तो काही मिनिटे बिचकून राही. तेच धक्के मध्ये अवकाश ठेवून अनेक वेळा दिले तर दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे बिचके. थोड्या वेळच्या आठवणीत सांध्यावरचे रसायन तेवढे बदलते. दीर्घ आठवणीसाठी मात्र पेशीच्या केंद्रापर्यंत निरोप जातो, नवी प्रथिने तयार होतात आणि नवे सांधे फुटतात. काही पेशींत ते जवळजवळ दुप्पट होतात असे आढळले. या कार्यासाठी कॅंडेल यांना 2000 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. काहालने 1894 मध्ये जे कल्पनेने पाहिले होते, ते शंभर वर्षांनी डोळ्यांनी दिसले. आणि एबिंगहाउसचा तो मधला अवकाश? बांधकामाला वेळ लागतो, हे त्यामागचे एक कारण. आज स्लॅब टाकून आजच त्यावर मजला चढवीत नाहीत.

गोगलगायीवरून माणसावर उडी कशी मारता, असे आपण विचाराल. माणसाच्या मेंदूतील एकेक सांधा जिवंतपणी असा मोजता येत नाही हे खरे. पण त्याचे ठसे पाहता येतात. 1995 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी तंतुवाद्ये वाजविणाऱ्यांची तपासणी केली. तारा दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांनी मेंदूत व्यापलेली जागा इतरांपेक्षा मोठी आढळली. जितके लवकर शिकण्यास प्रारंभ, तितकी मोठी. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. 2000 मध्ये एलिनर मॅग्वायर यांनी दाखविले की, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असतो. आणि 2011 मध्ये शिकाऊ चालकांचा माग ठेवून हेही दाखविले की, ही वाढ परीक्षा पार करणाऱ्यांतच, प्रशिक्षणाच्या काळात झाली. म्हणजे मोठा मेंदू होता म्हणून ते चालक झाले असे नव्हे. शिकले म्हणून मेंदू बदलला. आपल्या देशातही मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात वेदपाठी पंडितांच्या मेंदूंचे चित्रण झाले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भाषा आणि स्मृती यांच्याशी संबंधित भाग त्यांच्यात अधिक भरीव दिसले. येथे मात्र पाठांतरापूर्वीचे चित्र घेतलेले नसल्याने कारण कोणते आणि कार्य कोणते हे जपूनच बोलावे लागते. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. पंडिताचे पाठांतर, टॅक्सीवाल्याचे रस्ते, गवयाची तान आणि कारागिराची कानस यांना मेंदूत एकच कायदा लागू आहे. सांध्याला जात कळत नाही, धर्म कळत नाही, पदवी कळत नाही. त्याला आवृत्ती आणि अवकाश एवढेच कळते.

आता या शास्त्राचा व्यवहार. एका कारखान्यात नवी संगणकीय यंत्रे आली, तेव्हा पंचेचाळिशीपुढच्या कामगारांना शिकविण्यात अर्थ नाही, ‘पिकल्या मडक्याला आकार देता येत नाही’, असे वाटाघाटीच्या टेबलावर आम्हाला ऐकविण्यात आले. मडके पिकते, मेंदू पिकत नाही, हे मी त्यांना सांगितले. 2008 मध्ये जर्मनीतच साठीच्या आसपासच्या माणसांना तीन चेंडू झेलण्याचा खेळ तीन महिने शिकविला गेला. तरुणांइतका तो त्यांना सहज जमला नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पण ज्यांना जमला त्यांच्या मेंदूत बदल झालेला चित्रात दिसला. वय वाढले की वेळ अधिक लागतो. प्रश्न कामगाराच्या कुवतीचा नसून, तो वेळ कोण देणार याचा आहे.

लवकर शिकल्यास अधिक पक्के, या निष्कर्षाचा कोणी उलटा अर्थ काढून पोराला शाळेतून काढून कारखान्यात घालू नये, एवढेही बजावून ठेवतो. लहान मेंदू लवकर शिकतो म्हणूनच त्याला वाचन, गणित, गाणे, खेळ सगळे मिळाले पाहिजे. एकाच खिळ्यावर हातोडा मारीत बसविण्यासाठी ते वय नाही.

झोपेचीही गोष्ट अशीच. 2002 मध्ये अमेरिकेतील एका प्रयोगात बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचे काम माणसांना शिकविले गेले. रात्रीची झोप झाल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे वीस टक्क्यांनी वाढला. दिवसा जे कोरले ते रात्री पक्के होते. मग पाळी दर आठवड्याला फिरवून, झोप मोडून, वर ‘नवे काम शिकत का नाही’ असे विचारणे म्हणजे ओल्या भिंतीवर पाणी ओतून ती वाळत का नाही असे विचारणे होय. त्याच 2002 साली बंगळूरचे सुमंत्र चटर्जी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, सततच्या ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या शाखा आखडतात, तर भीतीशी संबंध असलेल्या ‘अमिग्डला’ या भागातील शाखा वाढतात. ताण शिकण्याची वाट अरुंद करतो आणि भयाची वाट रुंद करतो. उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे चिकटवू नयेत. पण उद्या काम राहील की नाही या धास्तीत वावरणाऱ्या कंत्राटी कामगाराकडे पाहिले म्हणजे हा प्रयोग सहज विसरता येत नाही.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते. ते हाताची स्मृती एका हातातून दुसऱ्या हातात घालू शकत नाही. हे काम होते ते गुरूच्या शेजारी बसलेल्या उमेदवाराच्या मेंदूत, एकेका सांध्याने, वर्षानुवर्षांच्या आवृत्तीने. त्या वर्षांत त्या उमेदवाराचे पोट कोण भरणार? ते भरण्याची सोय नसेल तर तो मुलगा दुसऱ्या धंद्याला जाईल, आणि त्याने जाऊ नये असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. एका पिढीने शिकणे थांबविले की सांधे विरतात. ज्या मेंदूत ते होते तो मेंदू एके दिवशी चितेवर वा कबरीत जातो. ग्रंथ जळला तर दुसरी प्रत सापडते. हाताची प्रत फक्त हातातच निघते.

म्हणून कामगारांच्या वतीने माझे मागणे थोडे आहे. शिकण्याचा काळ हा कामाचाच काळ धरावा आणि त्याचे वेतन मिळावे. प्रशिक्षण दोन दिवसांत उरकू नये; विभागून द्यावे. पाळ्या अशा लावाव्यात की माणसाला झोप मिळेल. उमेदवाराला विद्यावेतन आणि शिकविणाऱ्या वृद्ध कारागिराला गुरूचा मान व गुरूचे मानधन मिळावे. आणि ज्याला सांगता येत नाही पण करता येते, त्याला सरकारी कागदावर अकुशल लिहिण्यापूर्वी त्याचे काम पाहावे.

बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरहून जी गायकी आणली तिच्यात मालमत्ता म्हणून जप्त करता येण्यासारखे काहीही नव्हते, तरी तिने महाराष्ट्र समृद्ध केला. कामगाराचीही मिळकत अशीच आहे: जमीन नाही, घर नाही, आहेत ते अनेक वर्षांत बळकट झालेले सांधे. तेवढी मिळकत समाजाने ओळखावी.